दर्शनाचा अधिकार

देवळात जाणारा मनुष्य देव पाहावयास जातो असे आपल्याकडे कोणी म्हणत नाही. तो दर्शनास जातो. पाहणे आणि दर्शन घेणे यांत डोळ्यांचे काम एकच असले, तरी दोहोंतील नाते निराळे आहे. पाहण्यात पाहणाऱ्याची सवड प्रमाण असते. दर्शनात, ज्याचे दर्शन घ्यावयाचे त्याची. पहाटे दार उघडेपर्यंत भक्ताने चौकात थांबावयाचे, नैवेद्याच्या वेळी पडदा पडला की मुकाट्याने बाजूस व्हावयाचे, आणि गर्भागाराच्या उंबरठ्याशी आपली पावले आपणच आवरावयाची. देवाला दुपारी निजवले म्हणून महाजनांवर कोणी फिर्याद गुदरल्याचे आमच्या वकिलीत तरी आढळलेले नाही. (महाजनांवर फिर्यादी पुष्कळ होतात आणि त्यांवर आमच्यासारख्यांची चूल पेटते, पण त्या पालखीच्या मानाच्या आणि हिशेबाच्या असतात, देवाच्या झोपेच्या नसतात.)

हा भेद अलीकडे आमच्या मनात घोळू लागला त्याचे निमित्त मात्र देऊळ नव्हे, एक प्राणी आहे. तो आपल्या घोरपडीच्याच कुळातला, पण आकाराने घोरपडीचा आजा शोभावा असा. इंडोनेशियाच्या पूर्व भागात सुंबावा आणि फ्लोरेस या दोन मोठ्या बेटांच्या मधल्या समुद्रात कोमोडो, रिंचा आणि पादार ही तीन बेटे व त्यांच्या भोवती लहानसहान बेटांचा पसारा आहे. हा सारा मुलूख १९८० साली तेथील सरकारने राष्ट्रीय उद्यान म्हणून राखून ठेवला आणि १९९१ साली युनेस्कोने त्याची जागतिक वारशात गणना केली. उद्यान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे झाडी उभी राहते. येथे जमीन थोडी आणि पाणी फार. जमिनीवर ती प्रचंड घोरपड, जिला तेथील लोक ‘ओरा’ म्हणतात. आणि पाण्याखाली प्रवाळाच्या बागा, ज्यांत माशांच्या हजारावर जाती नांदतात. या दोहोंचे दर्शन घेण्यास वर्षाला लाखांनी लोक येतात. प्रश्न असा, की त्यांना हा अधिकार कोणी दिला? आणि तो द्यावयाचा, नाकारावयाचा किंवा विकावयाचा अधिकार तरी कोणाचा?

ओरा नर दहा फुटांपर्यंत वाढतो. दीडदोन मणांचे त्याचे धूड असते. हरिण, रानडुक्कर, प्रसंगी म्हैस हे त्याचे भक्ष्य. त्याच्या लाळेतील जंतूंमुळे सावज सडून मरते असे पुष्कळ वर्षे समजले जात होते. २००९ साली शास्त्रज्ञांनी त्याच्या जबड्यात विषाच्या ग्रंथी असल्याचे दाखवून दिले. त्याच्या दातांच्या धारेवर लोहाचा नारिंगी लेप असतो ही गोष्ट तर २०२४ साली उघडकीस आली. पिल्ले अंड्यातून बाहेर पडताच झाडावर चढतात आणि पहिली काही वर्षे तेथेच काढतात, कारण खाली वावरणारे वडीलधारे त्यांनाही खाण्यास मागेपुढे पाहत नाहीत. आणि विशेष हे, की मादी नराच्या संगतीवाचूनही अंडी घालून पिल्ले उबवू शकते. इंग्लंडमधील प्राणिसंग्रहालयांत असे घडल्याचे २००६ साली जगजाहीर झाले. आपल्या पुराणांतील काही जन्मकथांना हसणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. अर्थात तिच्यावरून पुराणे सिद्ध होतात असे आमचे म्हणणे नाही.

सुधारलेल्या जगाला या प्राण्याची ओळख झाली ती १९१२ साली, बाइटेनझोर्ग (आजचे बोगोर) येथील प्राणिसंग्रहाचे प्रमुख पीटर ओव्हेन्स यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन छापले तेव्हा. बेटांवर त्या काळी बिमाच्या सुलतानाची सत्ता होती; १९१५ च्या सुमारास त्याने ओराच्या हत्येला बंदी घातली. तरीही १९२६ साली डग्लस बर्डन नावाचे अमेरिकन गृहस्थ तेथून बारा मेलेले आणि दोन जिवंत ओरा घेऊन गेले. जिवंत दोघे न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात फार दिवस जगले नाहीत. त्यांच्याच सफरीच्या कथेवरून पुढे ‘किंग काँग’ या चित्रपटाची कल्पना सुचली असे सांगतात. तीस वर्षांनी, १९५६ साली, डेव्हिड अ‍ॅटनबरो चित्रण करण्यास तेथे गेले. त्यांनी सापळ्यात एक ओरा पकडलाही. पण स्वतंत्र झालेल्या इंडोनेशियाच्या सरकारने तो देशाबाहेर नेण्याचा परवाना दिला नाही आणि त्यांना तो सोडून द्यावा लागला. पाहावयास जाणे आणि दर्शनास जाणे यांतील अंतर या दोन सफरींच्या मध्ये कोठेतरी एका सरकारी परवान्याच्या रूपाने प्रथम उभे राहिले असे आम्हांस वाटते. कागद हा आमच्या धंद्याचा विषय असल्यामुळे असेल, पण त्या न मिळालेल्या कागदाबद्दल आम्हांला आदर आहे.

आम्ही तेथे गेलो ते फ्लोरेसच्या पश्चिम टोकावरील लाबुआन बाजो या बंदरातून. आमच्यासोबत बेळगावचे एक कापडाचे व्यापारी होते, सज्जन आणि हिशेबी. रिंचा बेटावर उतरल्यावर हातात दुबेळक्याची लांब काठी घेतलेला एक वाटाड्या पुढे झाला. ओरा अंगावर आलाच तर त्याची मान त्या बेचक्याने दूर सारावयाची. दुसरे शस्त्र नाही. माळरानात ताडाची तुरळक झाडे, गवत वाळून पिवळे पडलेले, ऊन असे की सावलीदेखील तापलेली. अशा एका सावलीत तो पडला होता. मातकट, सुरकुतलेला, पोट जमिनीला टेकलेले, डोळा अर्धा मिटलेला. मधूनच पिवळी दुभंगलेली जीभ बाहेर येई आणि आत जाई. ती येऊन गेली नसती तर लाकडाचा ओंडका म्हणून आम्ही पुढे गेलो असतो. पाव घटका झाली, पण तो हलला नाही. तेव्हा आमचे मित्र आमच्या कानाशी लागून म्हणाले, “वकीलसाहेब, एवढे पैसे भरून आलो ते हा झोपलेला पाहावयास?”

त्यांच्या या तक्रारीला फार मोठी परंपरा आहे. पूर्वी कोमोडो बेटावर प्रवाशांच्या समाधानासाठी बकरे मारून ओरांपुढे टाकीत. लोक कठड्यामागे उभे राहून ती झोंबाझोंबी पाहत. प्राणी आयत्या अन्नाला सोकावले, एकाच ठिकाणी गर्दी करून पडून राहू लागले. तेव्हा १९९० नंतरच्या दशकात ही प्रथा बंद करण्यात आली. देवीपुढे बकरे मारण्याबद्दल आपल्याकडे एक शतकभर वाद झाला आणि अजून तो संपलेला नाही. पण देवीपुढे बकरे मारणारा निदान असे मानतो की ते देवीला हवे आहे. येथे बकरे ओराच्या भुकेसाठी मेलेले नव्हते, पाहणाऱ्याच्या कंटाळ्यासाठी मेलेले होते. आमच्या मते या दोन बळींत दुसरा अधिक हीन होय. आणि ओरा झोपलेला असताना मुकाट्याने परत फिरणे म्हणजेच पहिल्यांदा त्याचे दर्शन घेणे होय. आमच्या मित्रांना हे पटले नाही.

कोमोडो बेटावर माणसे राहतात ही गोष्ट प्रवाशांपैकी पुष्कळांना किनाऱ्यावर पाय ठेवीपर्यंत माहीत नसते. खांबांवर उभारलेल्या घरांचे एक गाव तेथे आहे. वस्ती सुमारे दोन हजार. मूळच्या लोकांना ‘आता मोडो’ म्हणतात. त्यांत पुढे बाजो, बुगी, बिमा, मांगराई असे दर्यावर्दी आणि शेतकरी मिसळत गेले. त्यांच्यात एक कथा चालत आलेली आहे. ‘पुत्री नागा’ नावाची एक नागकन्या होती. तिला जुळे झाले. एक मुलगा, त्याचे नाव गेरोंग. दुसरी मुलगी, पण ती ओराच्या रूपात जन्मली आणि रानात वाढली. दोघांनाही एकमेकांचा पत्ता नव्हता. गेरोंग मोठा झाला, शिकारीस गेला, हरिण मारले. इतक्यात झुडपातून एक प्रचंड ओरा त्या हरणावर धावून आली. त्याने भाला उगारला तोच आई प्रकट झाली आणि तिने सांगितले, की ही तुझी पाठची बहीण आहे, हिला मारू नकोस. तेव्हापासून आता मोडो लोक ओराला सख्खे भावंड मानतात. शिकारीतील वाटा तिच्यासाठी ठेवण्याची त्यांची चाल होती.

‘पुत्री’ आणि ‘नाग’ हे दोन्ही शब्द आपल्या संस्कृतातून जावा-बालीच्या वाटेने तेथवर पोहोचलेले आहेत, हे सांगण्याची गरज नाही. पण शब्दांपेक्षा नाते अधिक ओळखीचे वाटते. नागपंचमीच्या दिवशी आपल्या लेकी नागाला भाऊ मानून त्याच्या नावाने उपवास करतात. गोव्यात तर सांतेरीचे मूळ रूप वारूळ, आणि वारुळाचा धनी कोण हे लहान पोरालाही ठाऊक असते. आपल्या गावांना राखणदार असतो. त्याच्या जागेत शिरताना हाक द्यावी लागते. तेथे काठीचे बेचके, येथे हाक. दोन्हींचा आशय एकच, की ही जागा आधी दुसऱ्याची आहे.

आता या भावंडांच्या घरी काय घडले ते पाहा. २०१९ च्या मार्च महिन्यात ओरांची चोरटी विक्री करणारी एक टोळी पोलिसांनी पकडली. जिवंत ओरा समाजमाध्यमांतून विकले जात होते असे निघाले. त्या गदारोळात पूर्व नुसा तेंगारा प्रांताच्या गव्हर्नरांनी असे जाहीर केले, की पुढील वर्षी कोमोडो बेट प्रवाशांस बंद ठेवावयाचे, आणि बेटावरील गावकऱ्यांनाही तेथून हलवावयाचे. बेट ओराचे आहे, माणसाचे नव्हे, असा त्यामागचा युक्तिवाद होता. गावकऱ्यांनी निषेध केला. आणि वर्ष संपण्यापूर्वीच केंद्र सरकारने तो बेत रद्द केला.

हा युक्तिवाद वरवर पाहता फार उदात्त वाटतो, आणि म्हणूनच त्याची उलटतपासणी करणे भाग आहे. या मासिकाच्या वाचकांपैकी अनेकांच्या पूर्वजांनी सोळाव्या शतकात रातोरात आपले देव पालखीत घालून नदी ओलांडली. कुशस्थळीचा मंगेश १५६० साली प्रियोळला आला तो अशाच रीतीने. पण त्या विपत्तीतही देव आणि भक्त बरोबर निघाले. मागे राहिली ती जमीन. कोमोडोच्या बेतात देव जागेवर राहावयाचा होता आणि त्याचा भाऊ म्हणविणारा तेवढा हलवावयाचा होता. मग त्या रिकाम्या घरात त्याचे दर्शन कोण घेणार होते? बेट पुढेमागे प्रवाशांना उघडले जाणारच होते. म्हणजे ओराच्या नावाने बेदखल व्हावयाचे ते भावाने, आणि पुढे यावयाचे ते आमच्यासारख्यांनी.

कायद्याच्या पुस्तकात या प्रसंगाला एक उत्तम तोड आहे. कलकत्त्याच्या एका घराण्यातील कुलदेवतेचा वाद १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलपुढे गेला. पूजेच्या पाळ्या वाटून घेतलेल्या वारसांपैकी एकाचे म्हणणे होते की आपली पाळी असताना मूर्ती आपल्या घरी नेता यावी. इतरांचा विरोध होता. मूर्ती ही जंगम मालमत्ता, मालक नेईल तेथे ती जाईल, असा एक पक्ष. कौन्सिलने तो फेटाळला. देवता ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे. तिने कोठे राहावे याबद्दल तिचीही इच्छा असते, आणि ती इच्छा पूजारी-मालकाच्या सोयीत बुडवता येत नाही. म्हणून त्यांनी असा हुकूम केला, की ज्याचा या वादात काही स्वार्थ नाही अशा एखाद्या हितचिंतकाने देवतेतर्फे कोर्टात उभे राहावे. देवता ही कायद्यात सदैव अज्ञान बालकासारखी; तिच्यासाठी पालक बोलतो, पण पालक तिचा धनी होत नाही.

हे तत्त्व नद्यांना आणि पशूंना लावून पाहण्याचा प्रयत्न आपल्या न्यायालयांनी अलीकडे केला आहे, परंतु पाऊल अडखळत पडते आहे. उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने २०१७ च्या मार्चमध्ये गंगा व यमुना यांना व्यक्तीचा दर्जा दिला. त्याच जुलैत सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. बैलांशी झुंजण्याच्या खेळाबाबत २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने प्राण्यांच्या जीविताला आणि प्रतिष्ठेला घटनेचा आधार शोधला. २०२३ साली पाच न्यायाधीशांच्या पीठाने राज्यांचे नवे कायदे मान्य करून तो खेळ पुन्हा चालू राहू दिला. असो. आमचा मुद्दा निवाड्यांचा नाही. समजा ओरा ही अशी व्यक्ती मानली. तर तिच्यातर्फे उभा राहणारा तो निःस्वार्थ हितचिंतक कोण?

सरकार? ते तिकिटाचे पैसे घेते. पर्यटनाचे व्यापारी? त्यांचे विचारूच नये. शास्त्रज्ञ? त्यांना ज्ञानाची खरी तहान असते हे मान्य करूनही, ओरावाचून त्यांचे नाव होत नाही. गावकरी लाकडाचे ओरा कोरून प्रवाशांना विकतात, तेव्हा तेही सुटत नाहीत. आणि प्रवासी तर छायाचित्रासाठीच आलेला असतो. पूर्णपणे निःस्वार्थ असा एकही इसम त्या बेटावर आम्हांला दिसला नाही. तेव्हा दुसरी कसोटी लावली पाहिजे. व्यवहारात पालक नेमताना न्यायाधीश त्याच्याकडून जामीन मागतो. हे काम बिघडले तर तुझे काय जाईल, असे विचारतो. या कसोटीला उतरणारे लोक तेथे एकच आहेत. २००७ साली कोमोडो बेटावर आठ वर्षांच्या एका मुलाचा ओराने बळी घेतला. २००९ साली सीताफळे काढताना झाडावरून पडलेला एक मनुष्य असाच मारला गेला. दोन्ही वेळी गावाने ओराचे कांड केले नाही. उलट काही जुनी माणसे म्हणाली, की शिकारीचा वाटा ठेवण्यास उद्यानाच्या नियमांनी बंदी केली, कुत्री पाळण्यास बंदी केली, म्हणून भावंड आमच्यावर रुसले. शास्त्राच्या दृष्टीने हे कारण टिकेल किंवा न टिकेल. पण ज्याने पोटचे पोर गमावूनही भाला उगारला नाही त्याने जेवढा जामीन भरला आहे, तेवढा दुसऱ्या कोणी भरलेला नाही. प्रवाशाने भरलेली रक्कम ही त्यापुढे केवळ रक्कम आहे.

एवढ्यावर थांबलो असतो तर आमचे म्हणणे फार सोपे झाले असते. पण भाऊबंदकी हा शब्द मराठीत भांडणासाठी वापरतात, हेही विसरून चालत नाही.

आपल्या घोरपडीचेच उदाहरण घ्या. कोंढाण्याच्या कड्यावर १६७० साली तानाजीच्या दोराला आधार देणारी यशवंती पोवाड्यांनी अमर केली. इतिहासकार ती मानोत न मानोत, मराठी मन तिला मानते. घोरपडे हे आडनाव मिरविणारी थोर घराणी आपल्यात आहेत. आणि तरीही याच मुलखात घोरपड पकडून, तिच्याच शेपटीने बांधून बाजारात आणीत. मांस खात, तेल औषध म्हणून विकीत. गोव्यातील आमच्या चतुर्थीच्या आरतीचा प्राण म्हणजे घुमट. त्या मातीच्या भांड्याच्या तोंडावर पिढ्यान्‌पिढ्या घोरपडीचे कातडे ताणून बसवले गेले. त्या नादावर आम्ही वाढलो, आणि तो नाद दुसऱ्या कशातून निघणे शक्य नाही असे आम्हांला वडीलधाऱ्यांनी शपथेवर सांगितले होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला सर्वांत कडक संरक्षण दिले. घुमटावर बकऱ्याचे कातडे आले, आणि २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला राज्याच्या वारशाचे वाद्य म्हणून मान दिला तो या बदललेल्या रूपात. जुन्या वादकांचे कान अजून कुरकुरतात. गणपतीची कुरकुर कोणी ऐकलेली नाही. सांगावयाचे ते हे, की केवळ नाते सांगितल्याने प्राणी वाचत नाही. आपल्या बाबतीत कायद्याला यावे लागले.

आणि पाण्याखाली तर नातेही नाही. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे. सुईच्या टोकाएवढे असंख्य जीव आपल्याभोवती चुन्याची घरे बांधीत जातात आणि त्या घरांचे डोंगर होतात. प्रशांत महासागराचे पाणी याच सामुद्रधुन्यांतून हिंदी महासागरात लोटते. दक्षिणेला खोलातील थंड, अन्नाने भरलेले पाणी वर उसळते, उत्तरेला ते ऊबदार असते. म्हणून दोन निराळ्या समुद्रांचे जीव येथे एका दिवसाच्या अंतरावर आढळतात. काचेच्या चष्म्यातून आम्ही पाण्यात डोके घातले आणि एवढेच सांगतो, की वर झोपलेल्या ओराबद्दल तक्रार करणारे आमचे मित्र तेथे अर्धा तास एक अक्षर बोलले नाहीत. याच पाण्यात खताची पूड आणि घासलेट बाटलीत भरून तिचे स्फोट केले जात. मेलेले मासे वर तरंगत. खाली शतकांची घरे क्षणात खडी होत. ती खडी प्रवाहाबरोबर लोळत राहते, त्यामुळे नवे प्रवाळ तिच्यावर मूळ धरू शकत नाही. जखम आपली आपण भरत नाही. शास्त्रज्ञांनी तेथे मोठमोठ्या दगडांच्या राशी समुद्रतळावर रचून पाहिल्या तेव्हा कोठे त्यांवर नवी वाढ दिसू लागली. स्फोट करणारे काही बाहेरचे होते, काही आसपासच्या बेटांवरचे. गस्तीच्या नावा आल्या, दंड झाले, तेव्हा ते आवाज कमी झाले. नागकन्येने प्रवाळाला जन्म दिल्याची कथा आम्ही ऐकली नाही. ज्याला तोंड नाही, डोळा नाही, ज्याच्या अंगावरून भाऊ ओळखू येत नाही, त्याचे रक्षण कथेने होत नाही. तेथे काठी लागते, आणि ती सरकारच्या हाती असावी लागते.

म्हणून आमचा निकाल दोन भागांत पडतो आणि तो नीटसा सांधला जात नाही हे आम्ही जाणतो. बेटावर राहण्याचा पहिला हक्क भावाचा. समुद्रावर गस्त घालण्याचा हक्क सरकारचा. आणि आम्हां प्रवाशांचा हक्क असा काही नाहीच. आम्हांला मिळते ती परवानगी, आणि परवानगी काढून घेता येते.

राहता राहिला पैशाचा प्रश्न. २०२२ साली तेथील सरकारने ठरवले, की प्रवाशांची संख्या वर्षाला दोन लाखांवर जाऊ द्यावयाची नाही, आणि त्यासाठी कोमोडो व पादार या बेटांचे शुल्क माणशी साडेसदतीस लाख रुपिया करावयाचे. आपल्या पैशांत ते तेव्हा सुमारे वीस हजार रुपये होत. लाबुआन बाजोतील नावाडी, वाटाडे, खाणावळवाले यांनी ऑगस्टमध्ये काम बंद पाडले. शुल्क पुढे ढकलले गेले, आणि वर्षाअखेरीस रद्द झाले. आमच्या बेळगावच्या मित्रांचे मत असे, की तोच उपाय खरा होता. माल थोडा आणि गिऱ्हाईक फार असले की भाव चढवावा. गर्दी आपोआप ओसरते आणि गल्ल्यातही भर पडते. संख्येला मर्यादा हवी हे आम्हांलाही मान्य आहे. पण पैशाने लावलेली मर्यादा गर्दी निवडते ती चुकीच्या बाजूने. ज्याला परवडते त्याचे पाऊल हलके पडते असा आमचा अनुभव नाही. उलट जास्त पैसे भरणाराच झोपलेल्या ओराला उठवा म्हणून हट्ट धरतो. देवळांतूनही हल्ली पावती फाडून पुढे जाण्याची सोय झाली आहे. त्या वाटेने जाणाऱ्यांना देव लवकर दिसतो यात शंका नाही.

आणखी एक गोष्ट आम्ही बोटीवर त्यांच्यापुढे मांडली. २०२१ साली निसर्गरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ओराला ‘संकटग्रस्त’ वर्गात घातले. जगात ते सुमारे तीन हजार उरले आहेत. त्यापुढील पंचेचाळीस वर्षांत वाढते तापमान आणि चढता समुद्र त्यांच्या राहण्याजोग्या जागेचा निदान तीस टक्के हिस्सा गिळील असा अंदाज त्या संघटनेने दिला आहे. प्रवाळाला तर पाण्याची थोडीशी ऊबही सोसत नाही. ते पांढरे पडते आणि मरते. या उष्म्याची पावती कोणाच्या नावाने फाडावयाची? आता मोडोंच्या चुलींच्या धुराने समुद्र चढलेला नाही. गोव्याहून बालीला, बालीहून लाबुआन बाजोला आम्हांला नेणाऱ्या विमानांच्या धुराचा वाटा मात्र त्यात आहे. तेव्हा वीस हजार रुपयांनीही आमचा हिशेब पुरा होत नाही.

मित्र थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “मग लाखो माणसांतून कोणी जावयाचे आणि कोणी नाही हे ठरवावयाचे कसे? चिठ्ठ्या टाकावयाच्या?” आम्ही म्हणालो, टाकाव्यात, वर्षाच्या पाळ्या लावाव्यात, ओरांच्या विणीच्या महिन्यांत दार बंद ठेवावे, आणि पाळ्या कशा लावाव्यात हे ठरवणाऱ्या मंडळावर गावाची माणसे बहुमताने बसवावीत. पंढरीच्या बारीत माणसे तासन्‌तास उभी राहतातच की. यावर त्यांनी विचारले, की आपल्या पाळीच्या दिवशी तो पुन्हा झोपलेलाच असला तर? त्यांनी काढलेले त्या झोपलेल्या ओराचे छायाचित्र आज त्यांच्या पेढीवर लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी लावलेले आहे, आणि गिऱ्हाइकांना ते तो किती भयंकर होता हे सांगतात.